मॅच्ड बेटिंग: पैसा कुठल्या खात्यात, किती आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरमध्ये नोकरी करणाऱ्या एकाने ५०० पौंड घेऊन मॅच्ड बेटिंग सुरू केलं, म्हणजे बुकीकडे (पैज घेणाऱ्या कंपनीकडे) एका निकालावर पैज, एक्स्चेंजवर (ग्राहक एकमेकांशी पैजा लावतात त्या साइटवर) त्याच निकालाच्या विरुद्ध पैज, आणि बुकीच्या ऑफरमधून उरेल तो नफा. कॅल्क्युलेटर बरोबर वापरतो, नफाही दिसतो; पण दर शनिवारी एक्स्चेंजवर पैसे कमी पडतात आणि त्याच वेळी बुकींकडे दोनतीनशे पौंड पडून असतात. त्यात एका बुकीने कागदपत्रं मागून विड्रॉल थांबवला आहे. पैसे टाकायचे-काढायचे कसे?

आधी एक गोष्ट निकालात काढू. पुढचं सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, १८ पूर्ण झालेल्या, तिथल्याच पत्त्यावर आणि तिथल्याच बँक खात्यातून व्यवहार करणाऱ्या माणसासाठी आहे. भारतात बसून व्हीपीएन लावून हा उद्योग करू नये. बुकीच्या अटी मोडल्या की जमा रक्कमच गोठते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैशांवरचे ऑनलाइन खेळ आणि त्यासाठीचे बँक व्यवहार या दोन्हींना मनाई केली आहे. घरून पैसे मागवून फ्लोट (फिरतं भांडवल) वाढवण्याचा विचारही नको. लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवायला फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत पूर्वीपासूनच बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र पैजेच्या नफ्यावर सामान्य ग्राहकाला कर नाही. ग्राहकाच्या खिशातून जाणारा बेटिंग कर तिथे २००१ मध्येच गेला.

आता मूळ दुखणं. तुमचं गणित बरोबर आहे, पैसा चुकीच्या खात्यात जाऊन बसतोय. असं का होतं ते एका उदाहरणात बघू.

ऑफर समजा ‘१० पौंडांची पैज लावा, ३० पौंडांची फ्री बेट मिळवा’ अशी आहे. बँकेतून १० बुकीकडे, १५० एक्स्चेंजवर. बँकेत राहिले ३४०. पहिली, म्हणजे फ्री बेट मिळवून देणारी क्वालिफायिंग बेट: बुकीकडे ३.० भावाने (जिंकल्यास मूळ धरून एका पौंडाचे तीन) १० पौंड बॅक, म्हणजे संघ जिंकेल अशी पैज; एक्स्चेंजवर ३.१ ने ले, म्हणजे तो जिंकणार नाही अशी पैज; तिथल्या जिंकलेल्या रकमेवर कमिशन २ टक्के. लेची रक्कम ३० (१० गुणिले ३.०) भागिले ३.०८ (३.१ वजा कमिशनचे ०.०२), म्हणजे ९.७४. लायबिलिटी, म्हणजे ले हरल्यास जाणारी आणि तोवर एक्स्चेंजने धरून ठेवलेली रक्कम, ९.७४ गुणिले २.१, म्हणजे २०.४५. तो संघ जिंकला असं धरा. बुकीकडे ३० झाले, एक्स्चेंजवर १२९.५५ उरले. तोटा ४५ पेन्स.

मग ३० ची फ्री बेट. तिचा मूळ स्टेक परत मिळत नाही, फक्त जिंकलेली रक्कम मिळते. भाव ५.०, ले ५.२. लेची रक्कम १२० (३० गुणिले ४) भागिले ५.१८, म्हणजे २३.१७. लायबिलिटी ९७.३१. हे वाक्य दोनदा वाचा: बुकीने फुकट दिलेल्या ३० पौंडांसाठी तुमचे स्वतःचे ९७ पौंड एक्स्चेंजवर अडकून राहतात.

फ्री बेट हरली, तर बुकीकडे ३० तसेच राहतात आणि एक्स्चेंज १५२.२६ वर जातं. जिंकली, तर बुकीकडे १५० आणि एक्स्चेंजवर ३२.२४. दोन्हीकडे बेरीज १८२ च्या आसपास, नफा सव्वाबावीस पौंड. कॅल्क्युलेटरच्या लेखी दोन्ही निकाल सारखे. तुमच्या शनिवारच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा फरक, कारण ३२ पौंडांवर पुढची फ्री बेट ले करता येत नाही आणि बुकीकडचे १५० तिकडून थेट एक्स्चेंजवर येत नाहीत. ते आधी बँकेत, मग एक्स्चेंजवर. सलग दोनतीन बुकींकडे बॅक जिंकली की तुमच्यासारखीच अवस्था होते: कागदावर फायदा, हातात ठणठणाट.

म्हणून ५०० पौंडांतले सुरुवातीला तीनशेच कामाला लावा. दीडशे-दोनशे एक्स्चेंजवर, उरलेले एकावेळी दोन किंवा तीन बुकींत. बाकीचे दोनशे बँकेतच. ते आळशी पैसे नाहीत, विड्रॉल वाटेत असताना एक्स्चेंज भरायला तेच लागतात. एका दिवशी पाच खाती उघडण्याचा उत्साह इथेच नडतो.

लायबिलिटी आटोक्यात ठेवायची तर फ्री बेटचा भाव सांभाळा. सगळीकडे ‘जितका भाव मोठा तितका फायदा जास्त’ असा सल्ला मिळतो. तो खरा आहे, पण त्याची किंमत कुणी सांगत नाही. त्याच ३० च्या फ्री बेटला ८.० बॅक आणि ८.४ ले घेतलं, तर नफा २४.५६ होतो; लायबिलिटी १८५.४४. म्हणजे १.८७ पौंड जास्त मिळवायला ८८ पौंड जास्त अडकवले. उलट ४.० आणि ४.१ ला नफा २१.६१, लायबिलिटी फक्त ६८.३९. फ्लोट हजाराच्या खाली असेपर्यंत ४ ते ५ च्या भावातच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पौंड सोडले तर त्याच पैशात दुसरी ऑफर बसते.

अजून एक सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. एक्स्चेंज एकाच मार्केटमधल्या लायबिलिटीची बेरीज करत नाही, वाईटात वाईट निकाल धरतं. एका सामन्यात यजमान संघ ३.० ला १० पौंड ले केला आणि पाहुणा संघ ४.० ला १० पौंड, तर वरवर बघता २० अधिक ३० असे ५० अडकायला हवेत. पण दोन्ही संघ एकदम जिंकू शकत नाहीत. पाहुणे जिंकले तर ३० गेले आणि दुसऱ्या लेचे १० आले, निव्वळ वजा २०. यजमान जिंकले तर वजा १०. म्हणून अडकतात फक्त २०. दोन बुकींच्या ऑफर एकाच दिवशी असतील तर सामना एकच निवडा आणि बाजू वेगवेगळ्या घ्या. अट एवढीच की मार्केट तेच हवं. ‘सामन्याचा निकाल’ आणि ‘एकूण गोल’ यांची अशी वजाबाकी होत नाही. आणि समोरून कुणी न घेतलेली, अर्धवट लटकलेली ले ऑर्डरही पैसे धरून ठेवते. शिल्लक कमी का दिसते ते कळेना, तर आधी तिथे बघा.

पैसे टाकताना. डेबिट कार्ड, आणि एका बुकीला एकच कार्ड. क्रेडिट कार्डाने जुगारासाठी पैसे भरणं ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून बंद आहे. स्क्रिल आणि नेटेलर या ऑनलाइन वॉलेटने भरलेलं डिपॉझिट बहुतेक स्वागत ऑफरना चालत नाही, पेपॅलही बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, काही ठिकाणी ॲपल पेसुद्धा. ही ओळ अटींमध्ये खाली बारीक अक्षरात असते आणि एकदा चुकीच्या मार्गाने पहिलं डिपॉझिट गेलं की दुरुस्ती नसते. प्रोमो कोड असेल तर तो डिपॉझिटच्या आधी टाकायचा की पैज लावताना, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

रक्कम ऑफरला लागेल तेवढीच टाका. दहाची ऑफर असताना ‘असू दे’ म्हणून पन्नास टाकले, तर उरलेले चाळीस सहज परत येत नाहीत. मनी लाँडरिंगच्या नियमांपोटी बरेच बुकी डिपॉझिट निदान एकदा पैजेत फिरवायला लावतात. न फिरवता काढायला गेलात तर प्रश्न येतात, कधी विड्रॉलच नाकारला जातो.

डिपॉझिट लिमिटचा सापळा वेगळाच आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पासून पहिलं डिपॉझिट करण्याआधी आर्थिक मर्यादा घालायची का, हे प्रत्येक साइटला ग्राहकाला विचारावंच लागतं. बुकीकडे महिन्याला ५० ठेवली तरी चालेल. एक्स्चेंजवर तीच ५० ठेवलीत, तर शनिवारी अडीच वाजता ९७ ची लायबिलिटी भरताना दार बंद, कारण मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर किमान २४ तास थांबावं लागतं. एक्स्चेंजची मर्यादा तुमच्या सर्वांत मोठ्या लायबिलिटीच्या दुपटीवर ठेवा आणि त्यापुढे ती खरोखरची मर्यादा म्हणून पाळा.

शिवाय ३० दिवसांत निव्वळ डिपॉझिट, म्हणजे टाकलेले वजा काढलेले, १५० पौंडांपुढे गेलं की ऑपरेटरला आर्थिक अडचणीच्या खुणा तपासाव्या लागतात. फेब्रुवारी २०२५ पूर्वी ही रेषा ५०० वर होती. तपासणी दिवाळखोरी, कोर्टाची देणी अशा सार्वजनिक नोंदींवर होते, क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही. एक्स्चेंजवर ही रेषा पहिल्याच आठवड्यात ओलांडली जाते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता तुमचा अडकलेला विड्रॉल. नाव, पत्ता आणि जन्मतारीख पडताळल्याशिवाय खेळू द्यायचं नाही, असा नियम २०१९ पासून आहे. जी माहिती आधीच मागता आली असती ती मुद्दाम पैसे काढताना मागू नये, असंही गॅम्बलिंग कमिशनच्या (ब्रिटनमधल्या जुगार नियामकाच्या) परवान्याच्या अटींत आहे. तरीही मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली बुकी नंतर कागद मागू शकतो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये नियमाचा दाखला देत भांडू नका. कागद द्या, ते लवकर उरकतं.

आपल्या लोकांचं इथे नेहमी अडतं ते नावावर. भारतीय पासपोर्टच्या पहिल्या नावाच्या रकान्यात अनेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, बँकेने त्यातलं एकच घेतलेलं असतं, आणि बुकीकडे खातं उघडताना आपण तिसरंच काहीतरी टाकतो. बँकेच्या खात्यावर आहे अक्षर-न्-अक्षर तेच नाव बुकीकडे टाका. नव्याने आलेल्या माणसाची क्रेडिट फाइल पातळ असल्यामुळे आपोआप होणारी पडताळणी फसते. त्यावर दोन सोपे उपाय आहेत. भारतीय नागरिक राष्ट्रकुल नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये मतदार यादीत नाव नोंदवू शकतात; ते नोंदवा, पत्ता जुळायला त्याची फार मदत होते. दुसरं, प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स काढा, त्यावर ब्रिटनमधला पत्ता असतो. पासपोर्टवरचा सांगली किंवा नाशिकचा पत्ता इथे पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, आणि निवास परवान्याची प्लास्टिक कार्डं जाऊन ई-व्हिसा आल्यापासून ते एक ओळखपत्रही खिशातून गेलं.

पाठवायचं काय? पासपोर्ट किंवा लायसन्सचा फोटो, चारही कोपरे दिसणारा, वर दिव्याची चमक नसलेला. पत्त्यासाठी तीन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट, ॲपमधून उतरवलेली पीडीएफ. मोबाइलचा स्क्रीनशॉट बहुतेक परत येतो. त्याच स्टेटमेंटमध्ये त्या बुकीला केलेलं डिपॉझिट दिसत असेल तर कार्ड तुमचंच हेही सिद्ध होतं. कार्डाचा फोटो मागितला तर मधले आकडे झाका, मागचे तीन आकडे कधीच देऊ नका. पैशांचा स्रोत विचारला तर ‘पगार’ आणि पे-स्लिप. खरं तेच सांगा. बायकोच्या किंवा फ्लॅटमेटच्या नावाने उघडून स्वतः चालवलेलं खातं या टप्प्यावर हमखास उघडं पडतं, आणि ते पैसे परत मिळवायला तुमच्याकडे कसलाही आधार उरत नाही.

कागद देऊनही हालचाल नसेल, तर चॅटवर वाद न घालता लेखी, ‘तक्रार’ हा शब्द स्पष्ट लिहून मेल करा आणि तारीख वहीत टिपा. अंतिम उत्तर आलं नाही किंवा आठ आठवडे उलटले, की त्या बुकीने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. अनेकांसाठी तो आयबास असतो. ग्राहकाला खर्च नाही. हे फक्त परवानाधारक बुकींबाबत. परवाना क्रमांक साइटच्या तळाशी असतो, तो कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. नसेल तर तिथे दहा पौंडही नकोत.

काढायचं कधी? सोमवारी सकाळी. शनिवार-रविवारच्या पैजांचे निकाल लागलेले असतात, फ्री बेट बहुधा जमा झालेल्या असतात. व्हिसा डेबिटवर जलद परतावा असेल तर पैसे काही तासांत येतात, नसेल तर एक ते तीन कामाचे दिवस धरा. बुधवारपर्यंत बँकेत, शुक्रवारी एक्स्चेंजवर. सोमवारी बँक हॉलिडे असेल तर हे चक्र एक दिवस पुढे सरकतं, आणि ईस्टरला शुक्रवार-सोमवार दोन्ही जातात. मागणी देण्याआधी त्या बुकीकडचं काम खरंच संपलंय ना ते बघा. दिलेली मागणी रद्द करून पैसे पुन्हा खेळात आणायची सोय २०२१ मध्ये कायमची बंद झाली. चांगलंच झालं, ती सोय ग्राहकाच्या भल्यासाठी नव्हतीच.

पैसे जिथून आले तिथेच परत जातात. दहा कार्डाने आणि दहा पेपॅलने टाकलेत, तर काढताना आधी दोन्हीकडे आपापले दहा, मग बाकीचं. हिशेबाचा नुसता गुंता. एक बुकी, एक कार्ड म्हणतो ते यासाठी. किमान विड्रॉल पाच किंवा दहा पौंड असतो, ७.४० अशी शेपूट उरली तर त्यासाठी नवं डिपॉझिट करू नका. पूर्ण शिल्लक काढायची आहे असं चॅटवर सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ते पाठवून देतात.

‘लगेच सगळे काढले तर बुकी ऑफर बंद करतो’ ही भीती बरीच पसरलेली आहे. मला ती फारशी पटत नाही. बुकी बघतो तुम्ही कुठल्या भावाला, कुठल्या ऑफरला आणि कितीची पैज लावता ते. प्रत्येक पैज एक्स्चेंजच्या भावाला चिकटून असेल, तर शंभर पौंड तिथे झोपवून ठेवल्याने तुम्ही वाचत नाही. दर आठवड्याला ऑफर देणाऱ्या बुकीकडे १०-२० ठेवा, बाकीच्यांकडे शून्य. बुकीकडची शिल्लक ही बँकेतल्या ठेवीसारखी सुरक्षित नसते. ग्राहकांच्या रकमेला संरक्षण ‘नाही’, ‘मध्यम’ की ‘उच्च’ हे प्रत्येकाला आपल्या अटींत सांगावं लागतं, आणि ‘नाही’ असं सरळ लिहिणारे पुष्कळ आहेत. मार्च २०२१ मध्ये फुटबॉल इंडेक्स या पैजेच्या साइटचा परवाना स्थगित झाला तेव्हा लोकांचे पैसे आतच अडकले होते. आणि हेही खरं की पडलेल्या शिल्लकेशेजारी कसिनोचं बटण असतं. हात तिकडे जातोय असं एकदा जरी वाटलं तर शिल्लक काढा आणि गॅमस्टॉपवर नाव टाका. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक साइट तुमच्यासाठी बंद होतात. मग मॅच्ड बेटिंगही बंद, पण तो सौदा स्वस्त आहे. बोलायचं असेल तर ०८०८ ८०२० १३३ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

बँक खातं यासाठी वेगळंच असू दे, पगाराच्या खात्यात हे मिसळू नका. घरकर्जासाठी सावकार तीन-सहा महिन्यांची स्टेटमेंट बघतो, आणि पंचवीस बुकींची नावं बघून तो तुम्हाला मॅच्ड बेटिंग येतं असं समजत नाही. काही बँकांत जुगाराचे व्यवहार अडवणारा ब्लॉक असतो; तो काढला तरी ४८ किंवा ७२ तास लागू राहतो, तेव्हा पहिल्या ऑफरच्या आदल्या रात्री हे शोधत बसू नका. व्हिसाच्या अर्जासाठी २८ दिवस सलग दाखवायची रक्कम असेल तर तिला एक दिवसही हात लावायचा नाही, लायबिलिटी कितीही ‘सुरक्षित’ असो.

वही साधी ठेवा, पण तिच्यात ‘वाटेवर’ हा रकाना हवाच. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा बॅक जिंकली, तुम्ही एक्स्चेंजवर आणखी १०० टाकले आणि बुकीकडून १४० ची मागणी दिली. आता वहीत बँक २४०, एक्स्चेंज १३२.२४, बुकी १०, वाटेवर १४०. बेरीज ५२२.२४. ‘वाटेवर’ नसेल तर तुम्हाला ३८२ दिसतात, पैसे बुडाले असं वाटतं, आणि घाईत नको ते डिपॉझिट होतं. लायबिलिटीत अडकलेली रक्कम एक्स्चेंजच्याच रकान्यात, कंसात लिहा. रोज रात्री बेरीज मूळ ५०० अधिक नफा एवढी जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्याच रात्री शोधा, तीन दिवसांनी ते सापडत नाही.

आणि कधी कायमचं भारतात परतायचं ठरलं, तर ही आवराआवर महिनाभर आधी सुरू करा. खाती भारतातून उघडतीलच असं नाही, ओटीपी ब्रिटिश नंबरवर येतो, आणि बंद झालेल्या बँक खात्याच्या कार्डावर पाठवलेला विड्रॉल परत बुकीकडे जातो. मग बँकेचं खातं बंद केल्याचं पत्र मिळवा, नवा खाते क्रमांक सिद्ध करा, हे सगळं पुण्यातून मेलवर. क्रम असा ठेवा: आधी सगळे बुकी रिकामे, मग एक्स्चेंज, मग पेपॅल असेल तर ते. शेवटचा पौंड स्टेटमेंटवर दिसला की ते स्टेटमेंट उतरवून घ्या, मग बँक बंद करा. सिम सगळ्यात शेवटी.